काचेवरची हाक

काच धुताना माझे अब्बा एक गोष्ट न चुकता करत. राख लावून झाली, तीन पाणी झाली, मलमलीनं पुसून झालं, की काच तोंडाजवळ धरून तिच्यावर 'हा' करत. तोंडाची वाफ काचेवर सगळीकडे सारखी बसली पाहिजे. काचेवर पूर्वी कुणाचा फोटो असला आणि धुण्यात कसर राहिली असली, तर त्या वाफेत तो माणूस दिसे. आधी टोपीची कड, मग कान, मग मिशी. दोन क्षण दिसे आणि वाफेबरोबर उडून जाई. मग अब्बा म्हणत, "अजून गेला नाही हा," आणि काच पुन्हा राखेत जाई.

मला या सगळ्याचा कंटाळा होता. मी मुळात उतावळा माणूस, राग कायम नाकावर. एका काचेला इतका वेळ लावायचा तर पोटाला काय काच खायची, असं मी त्यांना तोंडावर म्हणत असे. ते ऐकून घेत आणि पुढची काच उचलत.

आमचा स्टुडिओ नगरला, कॅम्पाकडे जाणाऱ्या रस्त्यावर होता. महायुद्ध पेटलं तेव्हा पलटणीत भरती झालेल्या पोरांची आमच्या दारात रीघ लागली. समुद्रापलीकडे जाण्याआधी घरी एक फोटो धाडायचा, एवढीच प्रत्येकाची इच्छा. खुर्ची तीच, पाठीमागचा रंगवलेला पडदा तोच, मांडीवर ठेवलेले हातही तसेच. फोटो झाला की मी त्याला आकडा लिहिलेली चिठ्ठी देई. तोच आकडा हिऱ्याच्या कलमानं काचेच्या कोपऱ्यात कोरलेला असे. "काच जपून ठेवतो," मी सांगे. "कधीही या नाहीतर घरच्यांना पाठवा, प्रत काढून देतो." किती जणांना सांगितलं असेल देव जाणे. तेव्हा ते खोटं नव्हतं.

पुढे विलायतेहून तयार प्लेटी येणं बंद झालं. अब्बांना त्यांच्या वडिलांच्या काळातली विद्या येत होती. साध्या काचेवर औषध ओतायचं, काच चांदीच्या पाण्यात बुडवायची आणि ओली असतानाच फोटो काढून तिथल्या तिथे धुवायचा. औषधं जमली, पण बाजारात काचही मिळेना. काचा होत्या त्या आमच्या फळीवर, त्या पोरांच्या. मी त्या गरम सोड्यात सोडल्या. त्यांच्यावरचे चेहरे दुधावरच्या सायीसारखे सुटून वर आले. अब्बांनी त्या कामाला हात लावला नाही आणि मला अडवलंही नाही. ते नुसते दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले.

युद्ध संपून वर्ष झालं असेल, तेव्हा अकोल्याच्या डोंगरातल्या एका गावचे पाटील आमच्याकडे आले. त्यांच्या गावाच्या वर एक पडका किल्ला आहे. दसरा झाला की चौथ्या दिवशी त्या किल्ल्याखालच्या माळावर गाव जुनी लढाई खेळतं. लढाई कुठली, कोणत्या साली झाली, हे गावात दहा जणांना विचाराल तर अकरा उत्तरं मिळतील. पण त्या दिवशी कोणत्या घरातला माणूस कुठे लढला आणि कोणत्या दगडापाशी पडला, हे सगळ्यांना पाठ होतं. घराण्याची जागा ठरलेली. कुणी किल्ल्याच्या बाजूचा, कुणी वेढ्याच्या बाजूचा. त्यात जात नाही की धर्म नाही, पणजोबा पडला तिथे पणतूनं पडायचं. पाटलांना त्या सगळ्यांचे फोटो हवे होते. तेही आजकालचे गुळगुळीत नव्हेत, जुन्या सरदारांचे दिवाणखान्यात असतात तसे काळसर, डोळे रोखलेले.

मी म्हटलं, हे तर सोन्याहून पिवळं. आमच्याकडे होती तीच मुळी जुनी रीत. आयत्या वेळी काचा कमी पडू नयेत म्हणून मी आदल्या दिवशी एक अख्खी पेटी धुऊन काढली. राख एकदाच लावली. वाफेची परीक्षा तर घेतलीच नाही.

संगमनेरवरून अकोल्यापर्यंत सर्व्हिस मोटारीनं आणि पुढे बैलगाडीनं मी त्या गावी पोचलो. सकाळी माळाच्या कडेला पडदा टांगला, काळ्या कापडाचा तंबू ठोकला आणि एकेकाला समोर बसवायला सुरुवात केली. अंगरखे खरे जुने होते, कुजट वासाचे. तलवारीही खऱ्या होत्या, म्यानातून निघता निघत नव्हत्या. चिलखतं मात्र गोणपाटाला डांबर फासून केलेली. आठ-दहा आकडे मोजेपर्यंत हलायचं नाही, म्हणून मी प्रत्येकाच्या मानेमागे लोखंडी टेकू लावत होतो. रोज भात लावणारी, बैलं हाकणारी माणसं ती. पण टेकू लागला, पापणी लवायची बंद झाली, की त्यांच्या चेहऱ्यावरून कालचं-आजचं काहीतरी पुसलं जाई.

पहिलाच फोटो बिघडला. तंबूत काच धुताना ढाल घेतलेला तो माणूस नीट वर आला, आणि त्याच्या खांद्याच्या वर, पडद्यावर, दुसराच एक चेहरा आला. पलटणीची टोपी घातलेला. धुण्यात राहिलेली कसर. माझं टाळकं फिरलं. बाहेर येऊन मी काच राखेनं घासली, इतकी घासली की बोटं काळीनिळी झाली. मग अब्बांसारखी तोंडाशी धरून वाफ दिली. चेहरा दिसला. पुन्हा घासली. पुन्हा वाफ दिली, काही दिसलं नाही. कोपऱ्यातला आकडा तेवढा नखाला लागला, चारशे बारा. त्याच काचेवर मी पाटलांचा फोटो काढला, तो झकास आला. वाफ देताना बघ्यांमध्ये एक बाई माझ्याकडे टक लावून पाहत होती. गावात नवीन माणूस आला की बघतातच, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

दुपारी सगळे जेवायला गेले, तेव्हा तीच बाई तंबूपाशी आली. तेवीस-चोवीस वर्षांची असेल. कपाळाला कुंकू ठळक.

"दादा, तुमी नगरचं फोटूवालं न्हवं? कॅम्पाच्या रस्त्याचं?"

"हो. का?"

तिनं कनवटीची पुरचुंडी सोडली आणि घडी घालून घालून चार तुकडे झालेली एक चिठ्ठी माझ्या हातात दिली. अक्षर माझं होतं. आकडा चारशे बारा.

तिची हकिकत तिनं उभ्या उभ्या सांगितली. लग्न झालं आणि सहा महिन्यांत नवरा पलटणीत गेला. नगरहून त्यानं फोटो धाडला होता, चिठ्ठीही त्यातच होती. फोटो सासूच्या उशाशी असायचा. गेल्या साली सरकारी कागद आला, नवरा बेपत्ता आहे असा. त्यानंतर महिन्यात सासू गेली. लोकांनी फोटो तिच्या छातीवर ठेवला आणि तो तिच्याबरोबरच जळाला.

"मी तवा काय बोलनार? त्या आई हुत्या," ती म्हणाली. "पर आता मला त्येंचं तोंड आठवना झालंय, दादा. पाठ आठवती. चालनं आठवतं. तोंड आठवाय गेलं की नुसतं धुकं येतंय. मानूस जित्ता हाय का न्हाई ते देवाला ठावं. पर तोंडच इसरलं तर मी वाट तरी कुनाची बघू? तुमच्यापाशी काच हाय न्हवं? ह्येंनी लिवलं हुतं, काच जपून ठेवत्यात म्हनून."

मी तंबूच्या दोरीला वाळत लावलेल्या काचांकडे पाहिलं. पाटलांची काच तिथेच होती. मिशीला पीळ दिलेले पाटील, आणि कोपऱ्यात चारशे बारा.

"काच नगरला आहे," मी म्हणालो. "गेल्या गेल्या प्रत पाठवतो."

ती खाली वाकून माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले. तिला वाटलं असेल की संकोचानं घेतले.

खरी गोष्ट अशी, की त्या माणसाचा चेहरा जगात शेवटचा पाहिला तो मी. त्याच सकाळी, दोनदा पाहिला. आणि आता आठवायला गेलो तर मलाही काही आठवेना. नाक कसं होतं, हनुवटी कशी होती, काही नाही. मी डाग पाहिला होता, चेहरा पाहिलाच नव्हता.

तिसऱ्या प्रहरी लढाई झाली. ढोल, शिंग, धूळ, आरडाओरडा. पाहणाऱ्याला हसू यावं अशी ती लुटुपुटीची मारामारी, आणि मी हसलोही असतो. पण मग एकेक जण आपापल्या ठरलेल्या दगडापाशी पडू लागला आणि ढोल थांबले. माळावर पंचवीसेक माणसं निपचित पडलेली. कुणी डोळा उघडत नव्हतं, की अंगावरची माशी हाकलत नव्हतं. त्या गावची रीत अशी, की पडलेल्यानं आपण होऊन उठायचं नाही. घरच्या बाईनं पाण्याचा तांब्या घेऊन यायचं, तोंडावर पाणी शिंपडायचं आणि नावानं हाक मारायची, तेव्हाच उठायचं. आई असेल तर आईनं, नसेल तर बायकोनं. एरवी मेल्या तरी नवऱ्याचं नाव तोंडानं घेणार नाहीत अशा त्या बायका वर्षातून त्या एका दिवशी मोठ्यानं नाव घेत. "उठा, घरी चला," असं म्हणत. आणि नवरा डोळे उघडून धुळीतून उठे. पाठीमागे किल्ला, खाली बायकांचे आवाज आणि एकामागून एक उठणारी ती माणसं. मी कॅमेऱ्याला हातही लावू शकलो नाही.

एका चपट्या काळ्या दगडापाशी मात्र कुणीच पडलं नव्हतं. तिथे ती उभी होती, हातात भरलेला तांब्या घेऊन. मी शेजारी उभ्या असलेल्या पाटलांना विचारलं.

"तिच्या घरची जागा हाय ती," ते हळूच म्हणाले. "चुलतदीर पडाय तयार हाय. पर बाई ऐकत न्हाई. म्हनती, ह्येंच्या जागी दुसरा पडला तर मी हाक कुनाला मारू?"

सगळे उठून घरी गेले तरी ती तिथेच होती. मग तांब्यातलं पाणी तिनं त्या दगडावर ओतलं आणि वळून सरळ माझ्या तंबूकडे आली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं. तिनं काही विचारायच्या आत मीच बोलून बसलो. काच नगरला नाही. तुझ्या माणसाची काच आणि त्याच्यासारख्या कितीतरी जणांच्या काचा मी धुऊन टाकल्या. उरलेल्या त्या या पेटीत आहेत, कोऱ्या.

एवढंच सांगितलं. चारशे बारा कुठे आहे ते सांगितलं नाही. माझ्या पाठीमागेच ती दोरीला लटकत होती.

ती वाकून पेटीत बघू लागली. मग म्हणाली, "सकाळच्या पारी तुमी काचंवर वाफ सोडत हुता. तवा तीत मानूस दिसला. मी बघितला."

"तो दुसऱ्या काचेवरचा," मी म्हणालो.

"ह्या बी बघू द्या."

मी नाही म्हणायला हवं होतं. पेटीत पाच काचा होत्या, पाचांचे आकडे मला ठाऊक होते आणि तिचा आकडा त्यात नाही हेही ठाऊक होतं. पण ज्यानं एकदा खोटं बोलून पाया पडून घेतलेलं असतं, त्याला 'नाही' म्हणण्याचं बळ उरत नाही. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या गार काचा मी एकेक करून तिच्या हाती दिल्या.

ती खाली बसली. पहिली काच तोंडाजवळ नेली आणि नवऱ्याचं नाव घेतलं. मोठ्यानं नव्हे, अगदी काचेला ओठ लागतील एवढ्या जवळून. दिवस त्या हाकेचाच होता. काचेवर वाफ बसली, सारखी, पांढरी. काही नाही. दुसऱ्या काचेवर पुन्हा नाव. एक बाही आणि तीन बटणं दिसली, वर काहीच नाही. तिसरी कोरी.

चौथ्या काचेवर तिनं नाव घेतलं आणि तो आला. टोपी, कपाळ, जरा मोठे कान, ओठावर जेमतेम फुटलेली मिशी. समोर बघणारे डोळे. डावं-उजवं उलटलेला, धुरकट, पण अख्खा माणूस. सूर्य डोंगराला टेकला होता आणि काच तिनं त्याच्याकडे धरली होती. चेहरा कडेकडेनं विरत गेला आणि शेवटी डोळे गेले.

तिनं पुन्हा नाव घेतलं. तो पुन्हा आला.

"ह्येच," ती म्हणाली. "ह्येच की हो दादा. कान बघा की. मी कशी इसरले हुते?"

आणि ती हसली. त्या हसण्याला लाजेची कड होती, नवऱ्याकडे चोरून बघणाऱ्या नव्या नवरीची. कोपऱ्यातला आकडा तिच्या अंगठ्याखाली होता. तिला आकडे येत नव्हते. मला येत होते. चारशे सोळा.

मी गप्प बसलो. ज्या बाईनं नवऱ्याच्या जागी चुलतदीरालासुद्धा पडू दिलं नाही, तिच्या ओंजळीत मी परका माणूस ठेवला आणि गप्प बसलो. तेव्हा मनाची समजूत घातली, की बिचारीला समाधान मिळालं तर कुणाचं काय जातं. ती काच मी तिला मलमलीत गुंडाळून दिली. पुसू नकोस, धुऊ नकोस, ऊन लागू देऊ नकोस, असं बजावलं. ती पदराखाली धरून घेऊन गेली.

नगरला आल्यावर अब्बांना सगळं सांगितलं. ते रागावतील, निदान तोंड फिरवतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "आणि तो चारशे सोळा कोण?"

मला कुठे ठाऊक होतं. मी आकडे लिहिले होते, नावं नव्हती.

त्यानंतर मला झोप लागत नसे असं म्हणणार नाही. लागत असे. त्रास दिवसाढवळ्या होई. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, मी काळ्या कापडाखाली डोकं घातलं, की समोर उलटा दिसणारा तो माणूस मला पलटणीच्या टोपीतला दिसे. मी घाईनं डोकं बाहेर काढी आणि उगाच त्याची कॉलर सारखी करी. त्या गावाहून दसऱ्यानंतर पाटलांचा निरोप येई. बाई बरी आहे. लढाईच्या दिवशी काच घेऊन दगडापाशी येते, बाकीच्या बायकांबरोबर हाक मारते. पुढच्या वर्षी पुन्हा तसाच निरोप. प्रत्येक निरोपाला मी "बरं झालं" म्हणे.

दोन-तीन वर्षांनी, भर दुपारी, एक म्हातारा दुकानात आला. राहात्याकडचा शेतकरी, डोक्याला मळकं मुंडासं, हातात काठी. त्यानं एक चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. ती हातात घेण्याआधीच मला आकडा दिसला. चारशे सोळा.

"पोरगं लढाईत गेलं," तो म्हणाला. "कागूद आलाय तसा. माजं मन घेत न्हवतं, म्हनून इतके दिस आलो न्हाई. आता म्हनलं, फोटू तरी घरात असावा."

अब्बा आत बसले होते, त्यांनी मान वर केली. 'काच फुटली' असं म्हणून सुटता आलं असतं. शब्द जिभेवर आलेही होते. पण मी म्हाताऱ्याला बसायला सांगितलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. काचा कुणी धुतल्या, बाईच्या नवऱ्याचा चेहरा कुठे गेला, तिच्या हातात कोण आहे. माझं झाल्यावर मी म्हणालो, "मी स्वतः जातो, तिला खरं सांगतो आणि काच तुम्हाला आणून देतो."

म्हातारा काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिला.

"कान मोटं दिसत्यात म्हनता?"

"हो. जरा मोठे."

"माज्यावर गेलंय," तो म्हणाला. मग, "आन ती बाई त्येला हाक मारती? उठ, घरी चल, म्हनती?"

"म्हणते. पण नाव तिच्या नवऱ्याचं घेते, बाबा."

"आमच्या घरात तर त्येचं नाव काडलं की त्येची आय रडाय लागती. मंग आमी काडतच न्हाई." तो उठला. "असू द्या तिकडंच. नाव कुनाचं बी असंना, घरी बोलवतंय न्हवं कोनीतरी."

चिठ्ठी त्यानं परत मागितली नाही. मी रस्त्यापर्यंत त्याच्याबरोबर गेलो. त्याचे कान मुंडाशात झाकलेले होते, म्हणून मला दिसले नाहीत.

मी परत आलो तेव्हा अब्बा पाटलांच्या फोटोची काच, तीच चारशे बारा, खाली काढून बसले होते. ती प्रत काढून झाल्यावर आमच्याकडेच राहिली होती. अब्बांनी काच माझ्यापुढे धरली. पुढच्या अंगाला पाटील होते, म्हणून मी तिची पाठ तोंडाजवळ नेली आणि 'हा' केलं. वाफ सगळीकडे सारखी बसली, पांढरीशुभ्र. त्या एका काचेला मी कसर ठेवली नव्हती. तरी मी पुन्हा वाफ दिली, आणि पुन्हा. त्या बाईच्या नवऱ्याचं नाव मला ठाऊक आहे, तिच्या तोंडून पाचदा ऐकलेलं. ते मी इथे लिहीत नाही. पण अजूनही कधीमधी ती काच काढून मी ते नाव तिच्याजवळ घेतो, आणि कुणी येत नाही.